सावध होण्याची सवड

१८९३ साली नॉर्वेच्या राजधानीत कार्ल स्टॉर्मर नावाच्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हाती एक विचित्र वस्तू आली. आज ओस्लो म्हणतात ते हे शहर तेव्हा क्रिस्तियानिया म्हणून ओळखलं जाई. ती वस्तू म्हणजे एक चपटी, गोल डबी. गळ्यात अडकवून ती वेस्टकोटाच्या आत दडवायची. तिचं भिंग काजातून एखाद्या गुंडीसारखं बाहेर डोकावे. एक दोरी कपड्यांच्या आतून विजारीच्या खिशात उतरलेली असे. खिशात हात घालून ती ओढली की समोरच्या माणसाचा फोटो निघायचा. स्टॉर्मर शहराच्या मुख्य रस्त्यावर, कार्ल योहानवर, फिरायला जाई. ओळखीचं कोणी समोरून आलं की तो अदबीने अभिवादन करी आणि त्याच क्षणी दोरी ओढी. १८९७पर्यंत त्याने असे सुमारे ५०० फोटो काढले. टोपी उचलणारे सद्गृहस्थ त्यांत आहेत, हसून मान लववणाऱ्या तरुणी आहेत आणि नाटककार हेन्रिक इब्सेनही आहे.

पुढे हाच स्टॉर्मर मोठा गणिती झाला. ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासात त्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. त्या प्रकाशाची आकाशातली उंची मोजायला त्याने कॅमेराच वापरला. उतारवयात त्याने तरुणपणीचे ते चोरटे फोटो प्रदर्शनातही मांडले.

हे फोटो पाहताना प्रसन्न वाटतं आणि माझी अडचण तिथेच सुरू होते. त्या काळच्या स्टुडिओतल्या फोटोंमध्ये माणसं काठी गिळल्यासारखी ताठ बसलेली असतात. स्टॉर्मरच्या फोटोंमधली माणसं चालतात, बोलतात, हसतात. त्यांचं ते हसू समोरून येणाऱ्या ओळखीच्या तरुणासाठी होतं. ते काचेवर उमटतंय याची त्यांना कल्पना नव्हती. कोणाचं काही बिघडलं का, असं विचारलं तर बहुधा नाही. तरीही त्यांच्याकडून काहीतरी न विचारता घेतलं गेलं होतं, हे नाकारता येत नाही.

चष्म्याच्या दांडीजवळ बसवलेला कॅमेरा २०२५पासून भारतातही बाजारात मिळू लागला आहे. दुरून पाहिलं तर साधा गॉगल. त्याच्यावरच्या चर्चेत ‘नव्या तंत्रज्ञानाने उभे केलेले नवे प्रश्न’ असे शब्द हमखास येतात. अंगावर वागवायच्या कॅमेऱ्यांचा इतिहास चाळताना मला मात्र एक जुनाच प्रश्न पुन्हा पुन्हा भेटत गेला. फोटो निघणार आहे हे समोरच्याला कळतं का? आणि कळल्यावर नको म्हणायला, तोंड फिरवायला, पदर सावरायला त्याला क्षणभर तरी मिळतो का? या क्षणाला मी सावध होण्याची सवड म्हणतो. कॅमेरा लहान होत गेला तसतशी ही सवड कशी आटत गेली आणि कायद्याने तिची भरपाई कुठे केली, कुठे केली नाही, हे या लेखात पाहायचं आहे.

बैठकीचा काळ

छायाचित्रणाची पहिली चाळीसएक वर्षं ही सवड कोणी मुद्दाम दिलेली नव्हती. ती यंत्राच्या अवजडपणातूनच मिळत होती. १८५१नंतर रूढ झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या खोलीत किंवा तंबूत नेऊन धुवायची, असा सगळा खटाटोप असे. तिकाटणं, पेटी, काळं कापड आणि काही सेकंद न हलता बसणारा माणूस, इतकं जमलं तरच चित्र उमटे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा फोटो काढायचा म्हणजे हाच सगळा सरंजाम मांडायचा. फोटोसाठी ‘बसावं’ लागे, आणि ज्याला बसायचं नाही तो उठून जाऊ शकत असे.

अर्थात ज्याला उठून जाता येतं, त्यालाच. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंडांचं प्रकाशन काढलं. देशातल्या जातीजमातींचे नमुने म्हणून त्यात माणसांचे फोटो छापले. साहेबाने उभं केलेल्या माणसाच्या संमतीला तिथे काय अर्थ असणार? कैद्याचीही तीच गत. १९२०च्या कैदी ओळख कायद्याने पोलिसांना मोजमापं आणि फोटो घेण्याचा अधिकार दिला. तो कायदा २०२२पर्यंत टिकला आणि त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. उलट टोकाला लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. पडद्यातल्या स्त्रियांचे फोटो तिथे स्त्रियाच काढत आणि कारभारही एका इंग्रज बाईंकडे होता. कोणी पाहायचं हे फोटो काढून घेणाऱ्या बाजूने ठरवलं, याचं हे एक दुर्मीळ उदाहरण. ही मोकळीक परवडणारी घराणी कोणती होती, हे सांगायला नकोच.

पाहणाऱ्याने आपण पाहतो आहोत हे आधी कळवावं, हा संकेत आपल्याकडे कॅमेऱ्याच्याही आधीचा. जुन्या वाड्यात घरातला मोठा पुरुष ओसरीवरून माजघरात जाताना खाकरत असे. आतल्या बायका तेवढ्यात पदर सावरत, बोलणं आवरत. त्या खाकरण्यात पुरुषाचा दरारा होता आणि सावरायचं ओझं बायकांवरच होतं. तो रिवाज परत यावा असं मला वाटत नाही. पण त्यात एक गोष्ट नीट ओळखलेली होती. बेसावध माणसावर नजर टाकणं हा नजर टाकणाऱ्याचा दोष असतो, आणि चाहूल देण्याची जबाबदारीही त्याचीच. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं म्हणणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघर होत्या. आपण त्यांना हसलो. फोटोत आपलं काहीतरी दुसऱ्याच्या हाती जातं, ही त्यांची शंका मात्र तितकीशी हसण्यासारखी नव्हती.

गुंडीमागचं भिंग

१८७०च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या आणि चित्र बदललं. काच आधी तयार करून ठेवता येऊ लागली, नंतर सवडीने धुता येऊ लागली. प्रकाशाला ती इतकी संवेदनशील होती की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटे. तिकाटण्याची गरज संपली, काळं कापड गेलं. १८८१ साली टॉमस बोलस या इंग्रज गृहस्थाने हातात धरायच्या कॅमेऱ्याला ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं. हे कॅमेरे घेणाऱ्यांतले फारच थोडे पोलीस खात्यात असतील, पण पाळत ठेवण्याची गंमत त्या नावातच विकायला ठेवलेली होती. मग पुस्तकाच्या, पुडक्याच्या, टोपीच्या आकारात दडवलेले कॅमेरे निघाले. स्टॉर्मरकडचा वेस्टकोटातला कॅमेरा १८८६ साली अमेरिकेत पेटंट झाला आणि स्टिर्न या जर्मन व्यापाऱ्याने तो बाजारात आणला. एका गोल काचेवर सहा लहान चित्रं त्यात निघत.

१८८८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरातून जॉर्ज ईस्टमनने कोडॅक आणला. किंमत २५ डॉलर, आत १०० चित्रांची गुंडाळी. गुंडाळी संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा, तिथे १० डॉलरमध्ये चित्रं धुऊन, नवी गुंडाळी भरून परत मिळे. रसायनांचं ज्ञान लागेनासं झालं. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि शाळकरी पोरांच्या हातीही कॅमेरा गेला. समुद्रकिनाऱ्यावर, बागेत, रस्त्यात न विचारता फोटो काढणाऱ्यांसाठी तिकडच्या वर्तमानपत्रांनी ‘कोडॅक-पिसाट’ अशा अर्थाचा शब्दच घडवला. आज कॅमेऱ्याच्या चष्म्यांविषयी जे बोललं जातं, ते जवळपास सगळं तेव्हा बोललं गेलं होतं.

तरी कोडॅकमध्ये आणि स्टॉर्मरच्या डबीत एक फरक होता. कोडॅक लहान असला तरी हातात दिसत असे. फोटो काढणारा थांबे, पेटी रोखून धरे, बटण दाबे. ती हालचाल पाहून माणूस सावध होऊ शकत असे. अंगावर दडवलेल्या कॅमेऱ्याने ती हालचालच काढून टाकली.

पिठाच्या जाहिरातीतली मुलगी

हा फरक ज्यांनी सर्वांत आधी नेमका ओळखला, ते दोघे वकील होते. बॉस्टनचे सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा खाजगीपणाच्या हक्कावरचा लेख ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’च्या १५ डिसेंबर १८९०च्या अंकात आला. वर्तमानपत्रांच्या चोंबडेपणाविरुद्धचा लेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. मला त्यातला छायाचित्रणाविषयीचा युक्तिवाद अधिक मोलाचा वाटतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी फोटो काढायला समजून-उमजून बसावं लागे. त्यामुळे फोटोग्राफर आणि गिऱ्हाईक यांच्यात एक अलिखित करार असे आणि तो मोडला तर कोर्टात दाद मागता येई. आता नकळत फोटो निघू लागला आहे. जिथे बैठकच झाली नाही, तिथे करार कुठून येणार? म्हणून माणसाला कराराच्या पलीकडचा, केवळ माणूस म्हणून असलेला हक्क हवा.

यामागे दोन ताजे खटले होते. १८८८ साली इंग्लंडमध्ये श्रीमती पोलार्ड या बाईंनी दुकानात जाऊन फोटो काढून घेतला. फोटोग्राफरने तोच नाताळच्या शुभेच्छापत्रावर छापून विकायला ठेवला. कोर्टाने त्याला मनाई केली, आणि ती कराराचा व विश्वासाचा भंग या आधारावर. दुसरा खटला जून १८९०मधला, न्यूयॉर्कचा. मॅरियन मनोला या गायक-अभिनेत्रीची रंगमंचावरची वेशभूषा पायांना घट्ट बसणारी होती. त्या वेशातल्या तिचा फोटो नाटक कंपनीच्या व्यवस्थापकाने आणि एका फोटोग्राफरने प्रेक्षागृहातल्या बॉक्समधून, झगझगीत दिव्याच्या उजेडात, तिच्या संमतीवाचून काढला. ती कोर्टात गेली आणि तिला मनाईहुकूम मिळाला. समोरच्या बाजूने कोणी हजरच झालं नाही, त्यामुळे प्रश्नाचा खरा कस लागला नाही.

तो १९०२ साली लागला, आणि तोही कोडॅकच्याच रॉचेस्टर गावातल्या एका प्रकरणात. ॲबिगेल रॉबर्सन या तरुण मुलीचा चेहरा एका पीठ गिरणीच्या जाहिरातीवर छापला गेला. अशा २५,००० प्रती दुकानांत, गोदामांत, गुत्त्यांत लागल्या. तिला कोणी विचारलं नव्हतं. लोक ओळखून चेष्टा करू लागले, ती आजारी पडली. तिने १५,००० डॉलरची भरपाई मागितली. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की खाजगीपणाचा असा हक्क कायद्यात नाही. मुख्य न्यायाधीश होते आल्टन पार्कर. निकालावर एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, न्यूयॉर्क राज्याने कायदा केला: कोणाचंही नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी वा व्यापारासाठी लेखी संमतीवाचून वापरता येणार नाही.

याची शेपटी गमतीची आहे. १९०४ साली पार्कर अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार झाले आणि फोटोग्राफर त्यांच्या घराभोवती घिरट्या घालू लागले. आपला आणि आपल्या कुटुंबाचा पिच्छा सोडा, अशी तक्रार त्यांनी केली. तेव्हा रॉबर्सनने वर्तमानपत्रातून त्यांना जाहीर पत्र लिहून आठवण करून दिली, की असा हक्क नसल्याचा निकाल आपणच दिला आहे.

जर्मनीतही एका घटनेने कायद्याला हलवलं. जुलै १८९८च्या अखेरीस बिस्मार्क मरण पावला. त्याच रात्री दोन फोटोग्राफर त्याच्या खोलीत घुसले आणि त्यांनी प्रेताचा फोटो काढला. त्यावरून उठलेल्या वादातून १९०७च्या कायद्यात माणसाचा स्वतःच्या चित्रावरचा हक्क मान्य झाला.

हे कायदे मोठे पल्ले होते. पण त्यांतला एक समान धागा नजरेआड करून चालणार नाही. न्यूयॉर्कचा कायदा जाहिरात आणि व्यापार थांबवतो. जर्मनीचा १९०७चा कायदा प्रसिद्धी थांबवतो. फोटो काढण्याच्या कृतीला दोन्हींनी हात लावला नाही. वॉरन आणि ब्रँडाइस यांनी दुखणं ओळखलं होतं ते नकळत घेण्याचं, औषध मात्र मिळालं घेतलेल्याचा वापर कसा करावा यावर. २००६ साली न्यूयॉर्कच्या एका कोर्टात हीच फट दिसली. फिलिप-लॉर्का डिकोर्सिया या नामांकित छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये ये-जा करणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले होते. त्यांतल्या एका धर्मनिष्ठ ज्यू वृद्धाने आपल्या श्रद्धेविरुद्ध आपलं चित्र काढून विकल्याचा दावा केला. कोर्टाने फोटो ही कला ठरवली आणि दावा फेटाळला.

टोपीतला खोकला

लपवलेल्या कॅमेऱ्याच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण त्याने खऱ्या गोष्टीही टिपल्या आहेत. ऑक्टोबर १९०८मध्ये लंडनच्या बो स्ट्रीट कोर्टात स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एमेलिन पँकहर्स्ट, त्यांची मुलगी ख्रिस्ताबेल आणि फ्लोरा ड्रमंड आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. आर्थर बॅरेट या वृत्तछायाचित्रकाराने उंच टोपीला भोक पाडून आत कॅमेरा बसवला आणि कळ दाबल्याचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून तो खोकला. तो फोटो आज इतिहासाचा दस्तऐवज आहे. माजघराच्या दारातलं खाकरणं आणि कोर्टातला हा खोकला यांची मला गंमत वाटते. एक चाहूल द्यायला, दुसरा चाहूल बुडवायला. इंग्लंडने १९२५ साली कायद्याने कोर्टात फोटो काढायला बंदी घातली.

पाच वर्षांनी त्याच स्त्रियांवर सरकारने कॅमेरा रोखला. तुरुंगात त्या मुद्दाम तोंडं वेडीवाकडी करत, म्हणजे ओळखीचा फोटो निघत नसे. १९१३ साली स्कॉटलंड यार्डाने लांब पल्ल्याचं, ११ इंची भिंग विकत घेतलं. हॉलोवे तुरुंगाच्या पटांगणात स्त्रिया फेऱ्या मारत असताना एका गाडीत दडून बसलेल्या फोटोग्राफरने त्यांचे फोटो घेतले. एव्हलिन मनेस्टा या कैद्याला फोटोसाठी धरून ठेवावं लागलं होतं. तिच्या गळ्याभोवतीचा तो हात नंतर चित्रातून पुसून टाकला गेला. ओळख पटवण्यासाठी हे फोटो कलासंग्रहालयांना वाटले गेले. या स्त्रियांपाशी नकाराचं एकच साधन उरलं होतं, आपला चेहरा. लपलेल्या भिंगाने तेही काढून घेतलं.

कलावंतांचं प्रकरण अधिक नाजूक. वॉकर इव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा दडवला, चकाकणारे भाग काळे रंगवले आणि बाहीतून उतरवलेल्या तारेने समोरच्या बाकावरच्या प्रवाशांचे फोटो घेतले. थकलेले, हरवलेले, आपल्याच विचारात बुडालेले चेहरे. ते फोटो पुस्तकरूपाने १९६६ साली आले, म्हणजे सुमारे २५ वर्षांनी. ही चित्रं अप्रतिम आहेत. इव्हान्स इतकी वर्षं थांबला, याला मी महत्त्व देतो. समोरच्याला जी सवड घेताना दिली नाही, ती काही अंशी काळाने दिली.

अन्यायाला वाचा फोडायची तर लपलेला कॅमेरा लागतोच, असं म्हणतात. बंद दाराआडच्या लाचखोरीसाठी ते खरं असेल. पण २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा रोवला, तेव्हा ते चित्रण १७ वर्षांच्या एका मुलीने फोन समोर धरून केलं. पोलिसांना ती दिसत होती. उघड साक्ष दुबळी असते असा अनुभव नाही, आणि सत्तेचं चित्रण करण्यासाठीचा युक्तिवाद शेजारच्या बाकावरच्या बाईचं चित्रण करायला वापरता येत नाही.

आवाज आणि दिवा

नोव्हेंबर २००० मध्ये जपानमध्ये मागच्या बाजूला कॅमेरा असलेला फोन आला. थोड्याच दिवसांत आगगाड्यांत आणि सरकत्या जिन्यांवर बायकांचे चोरटे फोटो निघू लागले. तेव्हा तिथल्या फोन कंपन्यांनी आपणहून ठरवलं, की फोटो काढताना बंद न करता येणारा ‘खटक्’ असा आवाज व्हायला हवा. दक्षिण कोरियानेही २००४ साली असंच मानक केलं. यंत्राच्या अवजडपणाने पूर्वी आपोआप मिळणारी सूचना आता मुद्दाम बसवावी लागली. यंत्राला खाकरायला शिकवणं म्हणा ना.

२०१३ साली गूगलने १,५०० डॉलरचा ‘ग्लास’ चष्मा निवडक लोकांना दिला. त्याच वर्षी सिएटलमधल्या एका मद्यगृहाने तो घालून येणाऱ्यांना बंदी केली, घालणाऱ्यांसाठी एक शिवीवजा शब्द निघाला आणि जानेवारी २०१५मध्ये त्याची विक्री थांबली. लोकांनी तो नाकारला यात त्याच्या चमत्कारिक दिसण्याचाही वाटा होता. तो चष्मा ओळखू येत असे. २०२१ साली फेसबुक आणि रे-बॅन यांनी मिळून काढलेला चष्मा नेहमीच्या चष्म्यासारखाच होता. चित्रण चालू असताना त्यावर बारीक दिवा लागतो. हा दिवा लोकांच्या लक्षात येईल का, असा प्रश्न आयर्लंड आणि इटलीच्या माहिती-संरक्षण यंत्रणांनी त्याच वर्षी विचारला. पुढच्या आवृत्तीत दिवा झाकला तर चित्रण होऊ नये अशी सोय केली गेली. मग दिवाच निकामी करून देणारे निघाले. भर उन्हात, गर्दीत, ज्याला त्या दिव्याचा अर्थच ठाऊक नाही अशा माणसासाठी तो लागला काय नि विझला काय.

ऑक्टोबर २०२४मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवलेल्या प्रयोगाने माझ्या मते शंभर वर्षांचा एक समज मोडीत काढला. अशाच चष्म्यातून दिसणारा चेहरा त्यांनी चेहरा-शोधाच्या यंत्रणेला जोडला, आणि रस्त्यातल्या अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, फोन अशी माहिती काही क्षणांत समोर आली. धोका दाखवण्यासाठीच त्यांनी हे केलं आणि आपली आज्ञावली खुली केली नाही. पण त्यातून कळलं ते हे, की आता फोटो छापायची गरज नाही, विकायची नाही, कोणाला दाखवायचीही नाही. घेणं आणि वापरणं यांत रॉबर्सनच्या काळी कित्येक दिवसांचं अंतर होतं, आणि कायदा त्या अंतरात उभा राहून अडवू शकत होता. आज ते अंतर संपलं. फोटो घेतला त्याच क्षणी वापरूनही झालेला असतो.

घाट आणि कायदा

आपल्याकडे काय आहे? १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो हक्क मान्य केला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खाजगीपणा संपत नाही, तो माणसाला चिकटलेला असतो, जागेला नव्हे, असं न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्यात नोंदवलं. हे तत्त्व १८९०च्या लेखाच्याही पुढचं आहे.

पण तत्त्व वर आणि कलमं खाली, मध्ये मोठी पोकळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई हे कलम शरीराच्या खाजगी भागांचं चित्रण गुन्हा ठरवतं. २०१३ साली दंडविधानात आलेलं आणि आता न्यायसंहितेत ७७ क्रमांकाचं झालेलं कलम स्त्रीच्या खाजगी कृतीचं चोरून पाहणं वा चित्रण करणं दंडनीय मानतं. ही कलमं घेण्याच्या कृतीलाच गुन्हा म्हणतात, ही जमेची बाजू. लोकलच्या डब्यात डुलकी लागलेल्या, बागेत रडणाऱ्या, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला मात्र त्यांचा उपयोग नाही. २०२३चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागूच होत नाही. चष्मा घालून फिरणारा मी ‘घरगुती’ हौस करतो आहे असंच म्हणणार.

हे किती जवळ आलं आहे ते फेब्रुवारी २०२५मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात दिसलं. स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रणं समाजमाध्यमांवर टाकली आणि विकली जात असल्याचं उघड झालं आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले. नदीचा घाट ही आपल्या समाजातली अजब जागा आहे. तो पूर्ण उघडा, तरी तिथे ओल्या वस्त्रातल्या बाईकडे टक लावून पाहू नये हा संकेत शतकानुशतकं लोकांनी कमीजास्त पाळला. तिथे भिंत नव्हती, नजर वळवणं हीच भिंत होती. कॅमेऱ्याला नजर वळवता येत नाही, आणि चष्म्यातल्या कॅमेऱ्याला कोणी ‘ए, फोन खाली कर’ असं दटावूही शकत नाही, कारण तो वर उचललेलाच नसतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा २०२६-२७चा सिंहस्थ आपल्या दारात आहे. रामकुंडावर आणि कुशावर्तावर लाखो बायका उतरतील. त्यांच्यासाठी कपडे बदलायचे आडोसे, पाणी, वैद्यकीय मदत यांचे आराखडे होतील, तसा घाटावर अंगावरच्या कॅमेऱ्यांना मज्जाव हाही आराखड्याचा भाग असावा. त्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहायला नको. एका मद्यगृहाने दारावर पाटी लावून जे केलं ते तीर्थक्षेत्राच्या व्यवस्थेला अशक्य नाही. शाळा, दवाखाने, वसतिगृहं, स्त्रियांचे डबे यांनाही तेच लागू. आणि कायदा होईल तेव्हा त्याने वापराची वाट न पाहता घेण्यापाशी सुरुवात करावी. चित्रण चालू असल्याची खूण न झाकता येणारी, न मोडता येणारी, डोळ्यांनी न दिसणाऱ्यालाही कानाने कळणारी असावी. ती निकामी करणं आणि करून देणं, दोन्ही गुन्हा ठरावं. अनोळखी चेहऱ्यावरून नाव शोधण्याचं काम अशा चष्म्याला करूच देऊ नये.

ॲबिगेल रॉबर्सन खटला हरली आणि तिच्या हरण्यातून वर्षभरात कायदा झाला. आपल्याकडे त्यासाठी कोणा मुलीने आधी हरावं लागू नये.